लाभ, दोन, तीन

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की मेहरूणमधल्या गच्च्या भरून जातात. कामाची वेळ सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर जळगावच्या गच्चीवर अनवाणी पाऊल टाकता येत नाही. समोरच्या इमारतीवर आज बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले आहेत. शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास, त्यात लसूण आणि तीळ. खाटेवर जुनी साडी अंथरलेली. ओल्या फडक्यावर गोळा घ्यायचा, थापायचा, फडकं साडीवर उलटं करायचं, बिबडा अलगद सोडवायचा आणि पुन्हा गोळ्याकडे वळायचं. दोघी थापतात, तिसरी गोळे देते. बोलणं चालू असतं, पण ते कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाविषयी असतं, हातातल्या कामाविषयी नसतं. हाताला एकदा सांगून झालेलं आहे. पातेलं रिकामं झालं की हात थांबतात.

हे दृश्य लहानपणापासून पाहण्यातलं. त्यातली रचना मात्र चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दिसली, जेव्हा याच भागात एका संगणकाच्या वर्गात तीन आठवडे बसलो. दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी संपून तेव्हा काही महिने झाले होते आणि सकाळ रिकामी होती.

वर्ग खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर भरायचा. जिन्यात युरियाचा वास, वर आल्यावर कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा. नऊ संगणक, एक फळा. वेळ सात ते नऊ, कारण दहानंतर कूलरही गरम हवा फेकायचा. शिकवणारे महाजन सर तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. बारीक आवाज, पांढरा शर्ट, खिशात खडू. खडू खिशात ठेवणारा संगणकाचा शिक्षक त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत नोंदवून ठेवण्यासारखी होती. पहिल्या दिवशी त्यांनी ‘नमस्कार’ छापायची ओळ सांगितली आणि ती वीस वेळा टाइप करायला लावली. नक्कल करून चिकटवायची नाही, प्रत्येक ओळ हाताने. कुणी सोळाव्या ओळीवर कंटाळलं, कुणाचा एकविसावा नमस्कार झाला, कुणाच्या अकराव्या ओळीत कंस राहिला आणि सगळाच कारभार अडला. तास संपला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वरच्या ओळीत किती वेळा ते, खालच्या ओळीत, चार मोकळ्या जागा सोडून, काय करायचं ते. त्याच ओळी संगणकावर टाइप करून बटण दाबलं. वीस नमस्कार पडद्यावर एकदम आले, एकाखाली एक, सगळे सारखे.

वर्गात कुणी बोललं नाही. शेवटी कोठारी शेठ म्हणाले, “सर, हे काल सांगितलं असतं तर माझं मनगट वाचलं असतं.”

“काल सांगितलं असतं तर आज तुम्ही गप्प बसला नसता,” सर म्हणाले.

कोठारी शेठ धान्याचे जुने व्यापारी. आजोबा मारवाडातून सावद्याला आले, वडील तिथून जळगावला. वय साठीच्या पुढे. नातवाने ‘दादाजी, तुम्हाला नाही जमायचं’ असं म्हटल्यावरून त्यांनी नाव घातलं होतं. परीक्षा द्यायची नव्हती, फक्त नातवासमोर एकदा बसायचं होतं.

त्या दोन ओळींचं, सर त्यांना लूप म्हणत, अप्रूप मला वेगळ्या कारणाने वाटलं. डेस्कवर असताना पावसाळ्यात रोज संध्याकाळी तालुक्यांच्या पावसाचा तक्ता लावावा लागे. जळगाव, जामनेर, भुसावळ, बोदवड, मुक्ताईनगर, रावेर, यावल, चोपडा... पंधरा तालुके, पंधरा ओळी, प्रत्येक ओळीत तेच शब्द, फक्त नाव आणि आकडा वेगळा. चार महिने रोज. एरंडोलचा आकडा पारोळ्याला लागला की दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून फोन येणार हे ठरलेलं. वर्गाच्या पाचव्या दिवशी सरांनी यादीवरून फिरणारा लूप शिकवला, तेव्हा मी सरावासाठी तोच तक्ता घेतला. पंधरा नावं, पंधरा आकडे, खाली एक ओळ. तक्ता लागायला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ मिळाला नाही. राग यायला हवा होता, कारण आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी त्या तक्त्यात गेल्या होत्या. राग आला नाही. कुणीतरी हा कंटाळा नीट ओळखला होता, त्यातला बदलणारा भाग आणि न बदलणारा भाग वेगळा केला होता, आणि न बदलणारा भाग एकदाच लिहायची सोय केली होती. संपादनाचं काम याहून वेगळं नसतं.

त्या वर्गात एक व्यक्ती अशी होती जिच्यासाठी हा रिकाम्या सकाळचा उद्योग नव्हता. शोभाताई पाटील. अमळनेरजवळच्या एका गावातल्या खासगी शाळेत त्या गणित शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, आणि नेमणूक एका वर्षाची. एकोणीस वर्षं त्या दर जूनमध्ये नव्याने नेमल्या जात होत्या. त्या वर्षी शाळेने गणिताचे काही तास कमी करून संगणकाचे तास सुरू करायचं ठरवलं. सचिवांनी त्यांना बोलावून सांगितलं की प्रमाणपत्र आणलंत तर हे तास तुमचे, नाही तर एका कंपनीचा माणूस येऊन घेईल. कंपनीशी बोलणं झालेलं होतं. उरलेल्या गणिताच्या तासांसाठी वेगळी शिक्षिका ठेवायची गरज राहणार नव्हती. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर शाळाच नाही.

हे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही विचारल्यावर, आणि बसची वेळ सांगावी तशा आवाजात. पहाटे गावातून निघून अमळनेरला यायचं, तिथून पॅसेंजरने जळगाव, स्टेशनवरून चालत मेहरूण. सातच्या ठोक्याला त्या जागेवर असत. पदराने कपाळ टिपायचं, पाण्याची बाटली पायाशी ठेवायची, वही उघडायची. वहीत त्या प्रोग्रॅम आधी पेनाने लिहीत आणि मगच टाइप करत.

अडचण आली ती पाढ्यांच्या दिवशी. सरांनी सतराचा पाढा छापायला सांगितला. सगळ्यांनी रेंजमध्ये, म्हणजे ‘किती वेळा’च्या जागी, दहा लिहिलं. पडद्यावर पाढा आला तो सतरा शून्य शून्यपासून, आणि सतरा नवं त्रेपन्नासेवर थांबला. सतरा दाहे सत्तरासे कुठेच नव्हतं.

“यंत्राने काटा मारला सर,” कोठारी शेठ म्हणाले. “दहा सांगितले, नऊवर तोंड बांधलं.”

सरांनी समजावून पाहिलं. यंत्र शून्यापासून मोजतं. इमारतीला तळमजला असतो आणि मग पहिला मजला. मोजपट्टीवर पहिली रेघ शून्याची असते. उदाहरणं बरोबर होती, पण वर्गाचं समाधान होत नव्हतं. शून्य म्हणजे काही नाही, आणि काही नसण्यापासून मोजायला सुरुवात कशी करायची, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. शोभाताई मान खाली घालून पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्या शेठजींकडे वळल्या.

“ओळी मोजा शेठ. दहाच आहेत.”

“पण शेवटची नऊची आहे ना, अक्का.”

“तुमच्या दुकानात धान्य मापताना पहिल्या मापाला काय म्हणायचे?”

शेठजी थांबले. “लाभ.”

“आमच्या खळ्यावरही आबा लाभच म्हणायचे. लाभ, दोन, तीन. एक कधी म्हटलंच नाही. म्हणून काय पायली एक कमी भरायची?”

इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ही रीत मागे पडली, पण पन्नाशीच्या आसपासच्या प्रत्येकाने ती ऐकलेली होती. पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, म्हणजे रास वाढते. मापणारा शेतकऱ्याकडचा असो की व्यापाऱ्याकडचा, दोन्ही बाजूंना हे मान्य. पहिल्याला काय नाव दिलं याने मापं किती झाली ते बदलत नाही. यंत्र पहिल्याला शून्य म्हणतं. म्हणू दे.

सर फळ्यापाशी खडू धरून उभे होते. त्यांनी फळ्यावर काढलेला तळमजला पुसला. मग म्हणाले, पस्तीस वर्षं मी हे शिकवतो आहे, हे उदाहरण मला का सुचलं नाही. शेठजी म्हणाले, तुम्ही धान्य पिशवीतून आणत असणार. त्या दिवसापासून सरांनी सरावात एक अट घालायला लावली. लूपचा आकडा शून्य असेल तर ‘लाभ’ छापायचं, नाही तर आकड्यात एक मिळवून छापायचं. पडद्यावर लाभ, दोन, तीन असं उतरू लागलं. बोदवडहून येणाऱ्या दोन बहिणींनी तर पाढ्यांनाही लाभ लावला. वर्गात हसणं असे, आणि हसता हसता अट, लूप, एक मिळवणं हे तिन्ही हातात बसलं.

दुसऱ्या आठवड्यात शोभाताईंनी दिडकी छापली, मग औटकी. दीड आणि साडेतीनचे पाढे. हे पाढे त्यांच्या वडिलांना तोंडपाठ होते, त्यांना स्वतःला अर्धेमुर्धे, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नावही ऐकलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये बदल एका आकड्याचा. सतराच्या जागी साडेतीन. औट एके औट, औट दुणे सात. त्यांनी वडिलांना फोन लावला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर, त्यामुळे संभाषण सगळ्या वर्गाने ऐकलं. त्यांनी अहिराणीत सांगितलं की एकदा लिहिलं की औटकी सगळी आपोआप येते, शंभरापर्यंत सांगितली तर शंभरापर्यंत.

“बठ्ठं ते करस,” आबा पलीकडून म्हणाले, म्हणजे सगळं तेच करतं, “मंग तू काय करस?”

“मी सांगस, आबा.”

मग आबांनी विचारलं, जेवली का.

फॉर लूपचं कौतुक करायला लागलं की माणसं वेगाविषयी बोलतात. वेग हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं. त्याचा खरा गुण असा की तो सुरू होण्याआधी त्याला आपला शेवट माहीत असतो. दहा म्हटलं की दहा, यादी म्हटली की यादी संपेपर्यंत. अकराव्या वेळेचा मोह नाही, नवव्या वेळेचा आळस नाही. पहिल्या वेळी जेवढ्या काळजीने काम केलं तेवढ्याच काळजीने शेवटच्या वेळी. हे माणसाला जमत नाही. तक्त्यातला चौदावा तालुका लावताना माझं लक्ष चहाकडे गेलेलं असे, आणि भडगावच्या वाचकांना त्याचा त्रास होई. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा योजली त्याला माणसाच्या लक्षाची मर्यादा नीट माहीत असली पाहिजे.

परीक्षा धुळ्याला होती, मे महिन्याच्या मध्यावर, सकाळी आठला. एसटीच्या खिडकीचा गज सातलाच हाताला गरम लागत होता. पारोळ्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टरबुजांचे ढीग आणि त्यावर ओली पोती. शोभाताई अमळनेरहून वेगळ्या गाडीने आल्या होत्या. केंद्राच्या फाटकाशी भेटल्या तेव्हा वही हातात होती, पण उघडलेली नव्हती.

प्रश्न सोपा होता. दहा पोत्यांची वजनं यादीत दिली होती. प्रत्येक पोत्याचा क्रमांक आणि वजन छापायचं, शेवटी एकूण वजन. दीड तास. प्रोग्रॅम चालवून पाहायचा, खात्री झाली की कागदावर छापून घ्यायचा. छपाई एकदाच. मग तोंडी परीक्षा. शोभाताईंचं काम पाऊण तासात झालं. एकूण वजन त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हाताने ताडून पाहिलं, बरोबर आलं, आणि त्यांनी छपाईचा आदेश दिला.

कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा मी शेजारच्या रांगेत होतो. त्यांनी तो उचलला, वाचला आणि पुन्हा वाचला. मग खुर्चीवर बसल्या. कागदावरची पहिली ओळ होती: लाभ, बावन्न किलो. दुसरी: दोन, एकोणपन्नास किलो. पुढे तीन, चार, दहापर्यंत. वर्गात रोज घातलेली अट बोटांनी आपली आपण घातली होती. पडद्यावरही ती ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण लाभ हा पहिला आकडा आहे अशी नजरेला इतकी सवय झाली होती की चूक दिसलीच नाही. दुसरी छपाई मिळणार नव्हती. त्यांनी विचारलंही नाही.

तोंडी परीक्षा त्याच खोलीत, कूलरजवळच्या टेबलापाशी होती. पुढचा उमेदवार शेजारच्या खुर्चीवर वाट पाहत बसे. शोभाताईंच्या मागे माझा क्रमांक होता, म्हणून पुढचं संभाषण शब्दशः आठवतं.

परीक्षक बाई बाहेरगावच्या, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी कागद पाहिला आणि पेन्सिल पहिल्या ओळीवर ठेवली.

“हे काय छापलंय?”

शोभाताईंनी रीत सांगितली. दोन वाक्यांत, समर्थन न करता.

“प्रश्नात क्रमांक मागितला होता.”

“हो. चूक आहे माझी.”

परीक्षक बाईंनी पेन्सिलीने त्या ओळीभोवती गोल केला. आता गुण जाणार हे उघड होतं, प्रश्न एवढाच होता की किती. त्यांनी विचारलं, पहिल्या पोत्याला क्रमांक नसताना एकूण वजन बरोबर कसं आलं. शोभाताई म्हणाल्या की बेरीज नावाची नाही, वजनाची आहे, लूप वजनांच्या यादीवरून फिरतो, नाव फक्त छापण्यापुरतं.

“पोती अकरा झाली तर?”

“यादी वाढेल. लूप तसाच राहील.”

परीक्षक बाईंनी कागद उलटा ठेवला. त्यानंतरचा प्रश्न त्यांनी आमच्या आधीच्या प्रत्येकाला विचारला होता आणि बहुतेक जण तिथे चाचरले होते. कुणी चूक दाखवेल म्हणालं होतं, कुणी यंत्र थांबून राहील म्हणालं होतं.

“आणि यादीत एकही पोतं नसेल तर?”

शोभाताईंनी टेबलावरच्या उलट्या कागदाकडे पाहिलं. कूलरमधलं पाणी ठिबकत होतं.

“तर लूप एकदाही चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “एकूण शून्य येईल. आणि लाभही छापला जाणार नाही. रिकाम्या खळ्यात कुणी लाभ म्हणत नाही, मॅडम.”

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग कागद सुलटा करून समासात काहीतरी लिहिलं आणि “पुढचे,” म्हणाल्या. मी उठलो. मला विचारलेले प्रश्न आता आठवत नाहीत.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजले होते आणि रस्त्यावर सावली उरली नव्हती. शोभाताई रसवंतीत बसल्या होत्या. रस त्यांनी अर्धाच प्यायला. किती गुण गेले असतील याचा अंदाज त्यांनी मला विचारला नाही. फक्त एकदा म्हणाल्या की शाळेतली मुलं अशी चूक करतात तेव्हा मी पूर्ण गुण कापते. मग अमळनेरची गाडी लागली आणि त्या गेल्या.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. त्यांनी सरांना फोन केला, सरांनी मला. क्रमांकाच्या ओळीचे गुण गेले होते, तोंडीचे पुरे मिळाले होते. उत्तीर्ण.

सचिवांनी नेमणुकीचं पत्र दिलं, नेहमीप्रमाणे एका वर्षाचं. कंपनीला कळवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे पहिल्या तासाला कंपनीचा माणूस ठरल्याप्रमाणे अमळनेरहून रिक्षा करून शाळेत पोहोचला. वर्ग सुरू होता. तो दारात थांबला, मग मागच्या बाकावर मुलांशेजारी बसला आणि तास संपेपर्यंत बसून राहिला. पाऊस अजून लागायचा होता, खोलीत उकाडा होता, वीज दोनदा गेली. शोभाताई तेव्हा फळ्यावर शिकवत राहिल्या. मुलं निघून गेल्यावर तो माणूस पुढे आला. तास कुणाचे याविषयी त्याने काही विचारलं नाही. आम्ही शहरातल्या शाळांत शिकवतो, तो म्हणाला, पण काहीच नसलेल्या यादीपासून लूप शिकवायला सुरुवात करणारं कुणी पाहिलं नाही. हे तुम्ही कुठून आणलं.

शोभाताई फळा पुसत होत्या.

“धुळ्याहून,” त्या म्हणाल्या.